आंब्याची फळी भिंतीवर लावायची आहे, साल ठेवू का आणि फिनिश कोणतं देऊ?

साल काढाच. लाकूड आटलं की ती सुटते आणि खाली बहुतेकदा किडा सापडतो. आंब्याला तो लागतोच, त्यामुळे बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला तर आधी वाळवी-किडीचं औषध ब्रशने मारून वाळू द्या. फळी ओली असेल तर काहीच करू नका, आधी सावलीत वाळू द्या.

खरी मेहनत घासण्यात आहे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून १२०, १८०, २२० असं चढत जा, कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे कोरडेपणी दिसत नाहीत, तेल लागलं की डोळ्यांत खुपतात. म्हणून मध्येच ओलं फडकं फिरवून बघा. तंतू उभे राहतील, ते वाळले की २२० ने हलकेच घासा.

नवशिक्याने पीयूच्या (पॉलियुरेथेन पॉलिशच्या) नादी लागू नये. हार्डवेअरमधून डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणा, कच्चं नको, ते दिवसेंदिवस चिकट राहतं. पातळ हात, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन हात पुरतात. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.