पोलीस नियंत्रण कक्षात मोठ्या प्रसंगाच्या पहिल्या तासात प्रमुखाने काय करावे?

आपण विचारले आहे की, नियंत्रण कक्षाची पाळी पहिल्यांदाच आपल्या हाती येणार असून, एखादी मोठी दुर्घटना किंवा हल्ला झाला तर पहिल्या तासात प्रमुखाने नेमके काय करावे. मी अनेक वर्षे अशा कक्षात काम केले, त्यांतील शेवटची काही वर्षे पाळीप्रमुख म्हणून. माझे उत्तर असे की, सर्वांत आधी स्वतःला मोकळे ठेवा. फोन घेणारे, वायरलेस सांभाळणारे, गाड्या पाठवणारे सहकारी कक्षात असतात. आलेल्या सगळ्या माहितीचा एकत्र अर्थ लावणारा मात्र एकच असतो, आणि तोच कामात अडकला तर माहिती कक्षात येऊनही तिचा उपयोग होत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका रात्री महामार्गावर रसायनाचा टँकर उलटल्याचा कॉल आला आणि पहिल्या दहा मिनिटांत मी स्वतःच तीन फोन घेतले. तिसरा फोन वरिष्ठांचा होता. मी त्यांना सविस्तर परिस्थिती सांगत असताना शेजारच्या टेबलावरील वायरलेस ऑपरेटरने गस्ती गाडीचा निरोप दोनदा मोठ्याने वाचला, ‘वारा फिरला आहे, धूर आमच्या बाजूला येत आहे.’ मी हात वर करून त्याला थांबण्याची खूण केली. माझे बोलणे संपेपर्यंत चार मिनिटे गेली, आणि तेवढ्यात दुसरी गाडी मी आधी सांगितलेल्या, म्हणजे आता थेट धुरात जाणाऱ्या रस्त्याने निघालेली होती. चालकाने धूर पाहून गाडी मागे घेतली, म्हणून कुणाला इजा झाली नाही. नोंदवहीत निरोप आल्याची वेळ आणि त्यावर मी आदेश दिल्याची वेळ एकाखाली एक लिहिलेली होती; ते पान मी अजून विसरलेलो नाही.

याहून फार मोठी किंमत मोजावी लागल्याची उदाहरणे जगापुढे आहेत. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे सरकारी इमारतींजवळ स्फोट झाल्यावर सुमारे दहा मिनिटांत एका नागरिकाने पोलिसांना फोन करून संशयिताचे वर्णन आणि त्याच्या गाडीचा क्रमांक कळवला होता. तो एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून कक्षातील प्रमुखाच्या टेबलावर ठेवला गेला, आणि ती चिठ्ठी तेथे सुमारे वीस मिनिटे तशीच पडून राहिली. हल्लेखोर त्याच गाडीने उटोया बेटाच्या दिशेने निघाला होता. तेथे पुढे ६९ जणांचा जीव गेला. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आपले काम केले होते आणि प्रमुखही रिकामा बसलेला नव्हता, म्हणूनच ही घटना मला अस्वस्थ करते. मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ च्या स्फोटानंतर पोलिसांच्या ड्युटी अधिकाऱ्यावर एकाच वेळी इतकी कामे कोसळली की, सशस्त्र हल्ल्यासाठी ठरलेली योजना लागू केल्याचे अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांना कळवण्याचे राहून गेले. अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. एकाच अधिकाऱ्यावर असा भार येतो, हे त्याआधीच्या सरावांतही दिसून आले होते.

म्हणून पाळी सुरू होतानाच कामे वाटून द्या. वरिष्ठांचे फोन कोण घेईल, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवांशी कोण बोलत राहील, निर्णय आणि त्यामागचे कारण वेळेसह कोण लिहील, हे नावानिशी ठरलेले असावे. आणखी एकाने रोजचे कॉल पाहावेत, कारण मोठा प्रसंग चालू असला तरी घरफोडी, अपघात आणि मारहाण थांबत नाहीत. महत्त्वाचा निरोप चिठ्ठीवर ठेवून जायचा नाही. तो तोंडी सांगायचा आणि प्रमुखाने तो परत म्हणून दाखवेपर्यंत जागचे हलायचे नाही, हा नियम मी टँकरच्या रात्रीनंतर कधी मोडू दिला नाही. मोठा प्रसंग घडला की त्यासाठी वायरलेसचे एक चॅनेल राखून ठेवा. सुरुवातीला दर दहा मिनिटांनी सगळ्यांना थांबवून चित्र मोठ्याने सांगा: काय घडले, नेमके कुठे, धोके कोणते, आत जाण्याचा सुरक्षित रस्ता कोणता, जखमी अंदाजे किती, कोण पोहोचले आणि कोण यायचे आहे. अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे. पण तेवढ्यात कुणीतरी ‘साहेब, तो रस्ता आता बंद आहे’ असे म्हणतो आणि चूक तेथेच सापडते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथे अनुभवी माणसेही चुकतात. एकाच घटनेचे तीस-चाळीस कॉल आले की फोन घेणारा ‘माहिती मिळाली आहे, गाडी निघाली आहे’ असे म्हणून फोन ठेवू लागतो. त्याचा हेतू चांगला असतो, लाइन मोकळी व्हावी एवढाच. पण एकतिसावा माणूस कदाचित इमारतीच्या मागच्या बाजूने बोलत असतो, किंवा तो सांगत असलेले ठिकाण मुळात वेगळेच असते, म्हणजे घटना एक नसून दोन असतात. म्हणून प्रत्येकाला ‘आपण नेमके कुठे आहात आणि आता समोर काय दिसते आहे?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका. जो लपून बोलत आहे, त्याला फक्त हो किंवा नाही एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायला सांगा, आणि तो गप्प झाला तरी लाइन चालू ठेवायला सांगा.

घटनास्थळी वरिष्ठ अधिकारी पोहोचेपर्यंत आदेश आपलाच चालतो. तो पोहोचल्यावर ‘आता सूत्रे आपल्याकडे’ असे स्पष्ट शब्दांत सांगून, त्याच्याकडून होकार घेऊन वेळ लिहून ठेवा, नाहीतर दोघेही समजतात की दुसरा पाहत आहे.

आणि ज्या सहकाऱ्याने फोनवर कुणाचा तरी शेवटचा आवाज ऐकला आहे, त्याला लगेच पुढचा कॉल देऊ नका. त्याला टेबलावरून उठवा, त्याच्याजवळ कुणालातरी बसवा आणि पाळी संपल्यावर, घरी जाण्याआधी स्वतः त्याच्याशी बोला. मी एकदा हे केले नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आला, हेडसेट कानाला लावला आणि पहिला फोन वाजल्यावर त्याला तो घेताच येईना.