मालवणात जुना टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं मशीन) घेतलाय. स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने मागेपुढे ओढून आवाज काढणं) आणि हाऊस या नाचाच्या संगीताचं मिक्सिंग (एकामागून एक गाणी सलग जोडणं), दोन्हीला एकच सुई चालेल का?

चालेल, पण गोल टोकाची घ्या. रेकॉर्ड हाताने मागेपुढे ओढली तरी ती सहसा खाचेतून उडत नाही. ऑर्टोफॉन कंपनीच्या कॉन्कॉर्ड स्क्रॅच या सुईला कंपनीच रेकॉर्डवर ४ ग्रॅम भार द्यायला सांगते. एवढ्या दाबाने रेकॉर्ड लवकर झिजते, तेव्हा ज्यांवर जीव आहे त्या रेकॉर्डी स्क्रॅचला काढूच नका.

नुसतं सलग मिक्सिंग करणार असाल तर लंबगोल टोक उत्तम. ते खाचेच्या कडांना बारकाईने टेकतं, हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) आणि गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो.

कोणी शुअरची एम४४-७ सुचवेल. सुई चांगलीच, पण शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणं बंद केलं, त्यामुळे 'नवीकोरी' म्हणून मिळाली तर नकलीची शंका घ्या.

घरात आजोबांच्या नाट्यगीतांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांवर ही सुई अजिबात टेकवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, सुई तळाशी घासत राहते. शिवाय तुमच्या मशीनवर ७८ चा वेगच नाही.

आणि पावसाळा! आपल्याकडच्या दमट हवेत रेकॉर्डवर बुरशी धरते. दोन-तीन गाण्यांत सुईच्या टोकाला करडा गोळा जमतो, आवाज फाटायला लागतो आणि आपण उगाच भार वाढवत बसतो. आधी मऊ ब्रश घ्या, मागून पुढे हलकेच फिरवा. आडवा कधीच नाही, सुईची बारीक दांडी वाकते.