हा हेन्ले कोण?

प्रश्न : सर, माझी मुलगी मिरजेत नर्सिंग शिकते. किडनीच्या धड्यात ‘लूप ऑफ हेन्ले’ वारंवार येतं. हा हेन्ले कोण? – एक पालक, विटा

उत्तर : याकोब हेन्ले, जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ. जन्म 1809, फ्युर्ट गावी. तरुणपणी विद्यार्थी-चळवळीपायी तुरुंगातही गेला. पुढे झुरिक, हायडेलबर्ग, गटिंगेन इथे प्राध्यापक झाला. किडनीतल्या सूक्ष्म नळ्या खाली जाऊन वळतात आणि परत वर येतात, हे त्याने 1862 च्या सुमारास दाखवलं. हे वळण म्हणजेच ‘लूप ऑफ हेन्ले’. आपल्या किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी रक्तात परत जातं. वळणाची वर येणारी बाजू क्षार नळीबाहेर टाकते, त्यामुळे भोवतालचा भाग खारट होतो आणि तो खारटपणा नळ्यांतलं पाणी ओढून घेतो. आटपाडी-जतच्या उन्हात राबणाऱ्या माणसाची लघवी गडद होते, पाणी वाचतं, त्यामागे हेच वळण आहे. वर्गात हे शिकवताना मी आजही रंगून जातो.

मला मात्र त्याचा 1840 चा निबंध अधिक मोठा वाटतो. साथीचे रोग सजीव जंतूंमुळे पसरतात, असं त्याने ठामपणे मांडलं, तेही बहुतेक डॉक्टर दूषित हवेला दोष देत असताना! हाती पुरावा नव्हता. होता तो नेमका तर्क. गटिंगेनला त्याच्या हाताखाली शिकलेल्या रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू जगासमोर आणला. मुलीला हे जरूर सांगा.