पॅरिसचा टेस्टिंग मेन्यू आणि आपण शाकाहारी

प्रश्न: ताई, मुलगा-सून आम्हाला पॅरिसला एका छोट्याशा फ्रेंच रेस्टॉरंटात नेणारेत, वीसेक खुर्च्या, मेन्यूकार्डच नाही म्हणे, शेफ देईल ते खायचं. आम्ही दोघं शाकाहारी. उपाशीच उठावं लागेल का हो?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो नाही, पण बुकिंग करतानाच कळवायला सांगा, टेबलावर बसून सांगितलं तर तेही बिचारे काय करणार, तयारी सगळी आधीच मोजून झालेली असते. आणि नुसतं शाकाहारी लिहू नका, मासे नको, चिकनचा स्टॉक नको, जिलेटिन नको असं सुटं सुटं लिहा. चीजचंही बघा, कोम्तेसारख्या चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं, चालत नसेल तर तेही आधीच सांगा. एकेक कोर्स दोन-तीन घासांचा, पण ते येतच राहतात, मधे ब्रेड-बटर, त्यामुळे पोट भरतं, फक्त अडीच-तीन तास बसायची तयारी ठेवा, इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभ्याउभ्या खाणाऱ्या आपल्याला तेच जड जातं! वाइन पेअरिंग, म्हणजे कोर्सागणिक जुळणारी वाइन, घ्यायलाच पाहिजे असं नाही. पाणी मागताना 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं, बाटलीचे पैसे लागतात. सर्व्हिस तिथे किमतीतच धरलेली असते, टिप वाटली तर द्या.