हनुवटीखाली हात धरा, ताई

"मॅडम, याले इंग्रजी वाचताच येत नाही. डोक्स्यात काही कमी तं नाही न?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आई. मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला.

आधी त्याच्याकडून मराठी उतारा वाचून घेतला. जोडाक्षरांसकट सरळ वाचला. तिथेही अडला असता, तर डोळे, कान आणि अध्ययन अक्षमता तपासायला सांगावं लागलं असतं. इथे तशी गरज नव्हती.

अडचण वहीत दिसली. 'फोटोसिंथेसिस'ची (photosynthesis, प्रकाशसंश्लेषण) चौदा इंग्रजी अक्षरं तो सुटी सुटी घोकत होता. एक निसटलं की पुढची सगळी घसरत. शिवाय आपण 'बास्केट' लिहितो बा-स्के-ट, तीन अक्षरांत. इंग्रजीत उच्चाराचे तुकडे दोनच, बास्-केट, आणि दोन्ही व्यंजनावर संपतात. हा फरक मुलांना कुणी सांगत नाही, नि बोलणी मात्र मुलं खातात.

'गैरहजर'मधला 'गैर' त्याला ओळखता येत होता. तसंच इथे आधी अर्थाचे भाग पाडले: फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे मांडणं, तिन्ही मूळचे ग्रीक. मग स्वरांखाली ठिपके, एका तुकड्याला एक: ओ, ओ, वाय, ई, आय. वायसुद्धा स्वराचं काम करतो, हे त्याला नवीन होतं. दोन ठिपक्यांमध्ये दोन व्यंजनं असली तर तुकडा पाडायची रेघ त्यांच्या मधोमध, एकच असलं तर त्याच्या आधी. उच्चार जुळला नाही तर रेघ त्या व्यंजनानंतर मारून पाहायची: 'टायगर' टाय-गर, पण 'रिव्हर' रिव्ह-अर. पी-एच, टी-एच या जोड्या एकाच व्यंजनासारख्या धरायच्या, फोडायच्या नाहीत. त्याने पहिली रेघ नेमकी पी आणि एचमध्ये मारली होती! शब्दाच्या शेवटचा मुका ई असेल तर त्याला ठिपका नाही.

घरी रोज 10 मिनिटं, त्याच्याच पुस्तकातले 3 शब्द. तुकडा म्हणायचा, झाकायचा, न बघता लिहायचा. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिला एकच काम दिलं: ताई, तो शब्द म्हणेल तेव्हा त्याच्या हनुवटीखाली हात धरा. हनुवटी जितक्यांदा खाली, तितके तुकडे.

पुढच्या भेटीत 'रेस्पिरेशन'ला त्याने पाच ठिपके दिले. आईने हात धरला, मोजलं. "पाच कुठी, चारच तं झाले."

शेवटचे टी-आय-ओ-एन मिळून एकच 'शन'. त्याने एक ठिपका खोडला.