चिऱ्याच्या जुन्या घरात भिंतीला खालून ओल येतेय, वॉटरप्रूफ पेंट मारू का? (रत्नागिरी)

नका मारू, जमिनीतून चढणारी ओल पेंटने थांबत नाही, आत कोंडते आणि मग पापुद्रे निघतात. चिऱ्याची घरं दुरुस्त करताना हे नेहमी बघतो, चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र, खालचं पाणी शोषतो, ओलीचा पट्टा साधारण 1 मीटरपर्यंत आणि वरच्या कडेला पांढरी पूड, बोटाला लागते ती बुरशी नव्हे, क्षार. आधी बाहेर बघा, अंगणाची माती जोत्याच्या वर चढलीय का, पागोळ्या भिंतीलगतच पडतात का, ते नीट करा, मग खालचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करा, सुकायला अख्खा उन्हाळा द्या (घाई नडते). फक्त डाग वरून खाली उतरत असेल किंवा एकाच कोपऱ्यात असेल तर आधी कौलं आणि पाईप तपासा.