लाइन चालू, कॉल तुटतात : बिल थांबवायचं का?

प्रश्न : आमचं चाळीस जणांचं ग्राहक-मदत केंद्र आहे. दीड वर्षापूर्वी तीन वर्षांच्या करारावर इंटरनेट लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखीव जोडणी, घेतली. करारात महिन्याला ९९.५ टक्के उपलब्धता आणि सरासरी पॅकेट लॉस (वाटेत हरवणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचं, म्हणजे पॅकेटांचं प्रमाण) ०.५ टक्क्याच्या आत, असं लिहिलं आहे. गेले पाच महिने कामाच्या दिवशी ११ ते १ या वेळात कॉल तुटतात, आवाज चिरकतो, ग्राहक वैतागून फोन ठेवतात. कंपनीच्या मासिक अहवालात मात्र उपलब्धता ९९.९३ आणि लॉस ०.२५ टक्के! आमच्याकडे मोबाइलवर काढलेले स्पीड टेस्टचे दोनशेच्या वर स्क्रीनशॉट आहेत. शेवटी आम्ही एका तिमाहीचं बिल अडवलं. आता नोटीस आली आहे : १५ दिवसांत पैसे भरा, नाहीतर लाइन तोडू आणि उरलेल्या मुदतीचं पूर्ण भाडं वसूल करू. करारात लवादाचं कलम आहे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी पंचासमोर न्यायचा. करार मोडून भरपाई मागता येईल का?

उत्तर : मागता येईल, पण आज नाही, आणि हातात आहे त्या पुराव्यावर तर नाहीच. तुमची तक्रार खोटी आहे असं मला वाटत नाही. उलट कंपनीचा अहवालही खरा असावा असं मला वाटतं, आणि तुमची खरी अडचण तीच आहे.

जरा आकडेमोड करू. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. तुमचा त्रास रोज २ तास, कामाचे दिवस २२, म्हणजे ४४ तास. या ४४ तासांत ४ टक्के पॅकेटं गळत होती आणि बाकीच्या वेळात एकही नाही, असं धरा. महिन्याची सरासरी येते ०.२४ टक्के. म्हणजे अहवालातला ०.२५ चा आकडा तुमच्या तक्रारीशी अगदी जुळतो. रात्रीची, रविवारची, रिकाम्या ऑफिसची शांतता सरासरीत मिसळली की दुपारचा गोंधळ विरघळून जातो. आणि ४ टक्के म्हणजे किती, ते कॉलच्या बाजूने बघा. इंटरनेटवरच्या फोनमध्ये आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, सेकंदाला ५०. त्यातले दोन दर सेकंदाला गायब होतात. ते सुटे सुटे गेले तर फोनचं सॉफ्टवेअर वेळ मारून नेतं. सलग सात-आठ गेले की शब्दच गिळला जातो.

उपलब्धतेचंही तसंच. ९९.५ टक्के म्हणजे महिन्याला ३ तास ३६ मिनिटं लाइन बंद राहिली तरी करारभंग नाही. अहवालातलं ९९.९३ म्हणजे जेमतेम अर्धा तास बंद. तुमची लाइन कधी 'बंद' नव्हतीच, ती वाईट चालत होती. करारात 'बंद' म्हणजे काय, याची व्याख्या असते, ती काढून वाचा. बहुतेक ठिकाणी 'सेवा पूर्णपणे न मिळणे' असंच लिहिलेलं सापडतं, आणि वेळ मोजायला सुरुवात होते ती तुम्ही तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा अधिकृत क्रमांक, घेतल्यापासून. या पाच महिन्यांत तुम्ही किती डॉकेट उघडले, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. व्यवस्थापकाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'आज पण तेच' लिहिलं असेल, तर ते डॉकेट नव्हे. पण तारीख-वेळेसह तक्रार केल्याचा कागद म्हणून उपयोगी आहे, पुसू नका.

आता स्क्रीनशॉट. उलटतपासणीत समोरचा वकील त्यांचं काय करेल, ते आधीच सांगून ठेवतो. मोबाइल वाय-फायवर होता, म्हणजे आधी तुमचं वाय-फाय मोजलं गेलं. चाचणीचा सर्व्हर अ‍ॅपने निवडला, तो कुठल्या तिसऱ्याच जाळ्यात असेल. तेव्हा ऑफिसात बाकी कोण काय डाउनलोड करत होतं, याची नोंद नाही. आणि मुख्य म्हणजे स्पीड टेस्ट वेग दाखवते. तुमचं भांडण वेगाचं नाही, पॅकेट लॉसचं आणि जिटरचं आहे, म्हणजे तुकडे पोहोचण्यातल्या अनियमिततेचं. पूर्ण वेग मिळत असतानाही कॉल तुटू शकतो. त्यामुळे दोनशे स्क्रीनशॉटमधून एवढंच दिसेल की तुम्ही वैतागला होतात.

पिंगचे, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणाऱ्या छोट्या चाचणीचे, निकाल ठेवले असतील तर तिथेही जपून. मधल्या राउटरने पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून त्याने तुमची पॅकेटं टाकली असं सिद्ध होत नाही. राउटर पुढे जाणारी पॅकेटं हार्डवेअरमधून झपाट्याने पाठवतात, स्वतःला आलेल्या पिंगला मात्र फुरसतीने उत्तर देतात, कधी मुद्दाम मर्यादाही घालतात. वाटेतल्या एका टप्प्यावर ३० टक्के लॉस आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, असं चित्र असेल तर दोष कुठेच नाही. हा मुद्दा मी स्वतः एका सुनावणीत शिकलो, माझ्याच अशिलाच्या खर्चाने.

दावा ठोकण्याआधी एक गोष्ट तपासा, आणि ती तुमच्या बाजूची आहे. ११ ते १ या वेळात तुमची लाइन स्वतःच्या वापराने भरून जाते का? तुमच्या राउटरवर इंटरफेसचे काउंटर, म्हणजे किती डेटा आला-गेला ते मोजणारे आकडे, असतात, नेटवर्कवाला दर पाच मिनिटांनी ते वाचून आलेख काढून देईल. दुपारी वापर ९५ टक्क्यांवर टेकत असेल, तर पॅकेटं तुमच्याच दारातल्या रांगेत अडकतात, उशिरा निघतात, काही पडतात. मग कंपनी म्हणेल, 'तुम्ही लाइनच लहान घेतली,' आणि ते बरोबर असेल. अशा वेळी वकिलाची फी देण्यापेक्षा राउटरवर आवाजाच्या पॅकेटांना प्राधान्य लावून घ्या. मोठ्या फायली आणि बॅकअप दुपारी पाठवायचे नाहीत, एवढं केलं तरी कधी कधी तक्रार संपते. वापर ४०-५० टक्क्यांवर आहे आणि तरीही लॉस आहे, असं निघालं तर मात्र तुमच्या बाजूने भक्कम केस उभी राहते. पाच मिनिटांच्या सरासरीतही क्षणिक लोंढे दडतात, हे तुमच्या माणसाला ठाऊक असेलच. जमलं तर एका मिनिटाची मापं घ्या.

मग मोजायचं कसं? करारात लिहिलंय तसं, आणि करारात लिहिलंय तिथून. मोजमापाचं परिशिष्ट काढा. त्यात मापनाची दोन टोकं कोणती, हे बहुधा सापडेल. कंपन्या अनेकदा स्वतःच्या मुख्य जाळ्यातल्या दोन राउटरांमधलं मोजतात. तुमच्या इमारतीपर्यंत येणारा शेवटचा तुकडा, म्हणजे लास्ट माइल, त्यात नसतोच. तसं असेल तर अहवालातला ०.२५ चा आकडा तुमच्या लाइनचाच नाही. हे पहिल्या पत्रातच विचारा : हे माप कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंतचं, किती वेळाने घेतलेलं, आणि सरासरी चाचण्यांवर काढली की प्रत्यक्ष गेलेल्या पॅकेटांवर? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पॅकेटांवर सरासरी काढली तर दुपारच्या गर्दीचं वजन वाढतं आणि तोच महिना ०.५ च्या वर जाऊ शकतो. करारात पद्धत लिहिली नसेल तर इथे वादाला चांगली जागा आहे.

तुमच्या बाजूने : कंपनीची केबल जिथे तुमच्या ताब्यात येते त्या पोर्टजवळ एक छोटा संगणक वायरने जोडा, वाय-फाय नको. तो अहोरात्र ठरलेल्या बिंदूकडे चाचणी-पॅकेटं पाठवेल आणि कच्च्या नोंदी ठेवेल. यासाठी टीडब्ल्यूएएमपी नावाची प्रमाणित पद्धत आहे, आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) ५३५७, २००८ सालची. त्यासाठी समोरच्या टोकाला उत्तर देणारं यंत्र लागतं, ते सुरू करून देण्याची लेखी मागणी कंपनीकडे करा. दिलं तर माप दोघांचं होतं. नाही दिलं तर त्यांचा नकार लवादासमोर ठेवता येतो. कंपनीचा अभियंता 'आरएफसी २५४४ करून देतो' म्हणाला तर हुरळून जाऊ नका. ती १९९९ सालची पद्धत प्रयोगशाळेत उपकरणं तपासण्यासाठी आहे. चालू जाळ्यावर ती वापरू नये, असं २०१२ च्या आरएफसी ६८१५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. शिवाय रात्री दोन वाजता लाइन रिकामी करून घेतलेल्या चाचणीत तुमची दुपार कशी दिसणार?

आणि घड्याळ! एका प्रकरणात आमच्या तक्रारीची वेळ होती दुपारी १२.१०. समोरच्यांनी राउटरचा लॉग दाखवला, १२.१० ला काहीच बिघाड नाही. अर्धा दिवस त्यावर गेला. संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं की राउटर जागतिक वेळेत नोंदी ठेवतोय. ६.४० ची ओळ काढली, तिथे बिघाड होता. तुमचा राउटर, चाचणीचा संगणक आणि कॉल सर्व्हर तिन्हींची घड्याळं एकाच वेळ-सर्व्हरशी जुळवा आणि नोंदवहीत तसं लिहून ठेवा.

या नोंदी इलेक्ट्रॉनिक आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली त्यांच्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, फाइलच्या हॅश मूल्यासह, म्हणजे फाइलमधून काढलेल्या आणि तिच्यात काही बदललं की बदलणाऱ्या आकड्यासह. जुन्या साक्ष्य कायद्यातल्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठाम सांगितलं होतं. लवादासमोर साक्ष्य कायदा काटेकोर लागू होत नाही, तरी रोज रात्री फाइल बंद करून तिचा हॅश काढायची सवय लावा. प्रकरण पुढे कुठल्या दारात जाईल, ते आज सांगता येत नाही.

आता बिलाकडे येतो. पूर्ण बिल अडवलंत ही चूक झाली. रात्रंदिवस लाइन वापरायची आणि एक रुपयाही द्यायचा नाही, या भूमिकेत न्यायाधीशाची सहानुभूती मिळत नाही. बहुतेक करारांत 'वजावट न करता भरणा' असं कलमही असतं, म्हणजे करारभंग त्यांच्या आधी तुमचा सिद्ध होतो. मुदतीच्या आत रक्कम भरा, पण हक्क राखून भरत आहोत असं पत्र देऊन. तरीही लाइन तोडायची धमकी चालू राहिली, तर लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली न्यायालयाकडून अंतरिम मनाई मागता येते. तिथे पहिला प्रश्न 'पैसे भरले का' हाच येतो. आदेश मिळाला तर त्यानंतर ९० दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते.

उरलेल्या दीड वर्षाच्या पूर्ण भाड्याला घाबरू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, त्या आत वाजवी भरपाईच मिळते. नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्धही करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात म्हटलं आहे. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. भरपाई मागताना 'ग्राहक नाराज झाले' पुरणार नाही, तुटलेल्या कॉलची वेळ आणि त्यातून गेलेलं काम दाखवावं लागेल. कलम ७३ खाली नुकसान कमी करण्यासाठी तुमच्या हातात काय उपाय होते, तेही पाहिलं जातं. त्यामुळे दुसरी स्वस्त लाइन घेऊन दुपारचे कॉल तिकडे वळवले असतील तर त्या खर्चाची पावती जपा, ती बहुधा तुमची सर्वांत सोपी मागणी ठरेल. करारात 'सर्व्हिस क्रेडिट (सेवा बिघडल्याबद्दल बिलात मिळणारी सूट) हाच एकमेव उपाय' असं कलम आहे का, तेही बघा, आणि क्रेडिट मागायची मुदत संपत आली असेल तर आजच अर्ज टाका.

ग्राहक आयोगात जाता येईल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. अपवाद स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांचा, आणि चाळीस माणसांचं केंद्र त्यात बसवणं अवघड आहे. तिकडे वेळ घालवू नका.

नोटीसचं उत्तर या आठवड्यात गेलं पाहिजे. त्यात पाच गोष्टी पुरेत : रक्कम हक्क राखून भरली, अमुक तारखांना अमुक वेळी सेवा बिघडली, मोजमापाची पद्धत, बिंदू आणि पाच महिन्यांच्या कच्च्या नोंदी द्या, सलग दहा कामाचे दिवस ११ ते १ या वेळात संयुक्त चाचणी करू, आणि दुरुस्तीसाठी ३० दिवस. भाषा थंड ठेवा. चाचणीत वापर कमी आणि लॉस जास्त असं निघालं, तर करारातलं समाप्तीचं कलम आणि नोंदी घेऊन पुन्हा लिहा. लवाद १९९६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम २६ खाली स्वतःचा तज्ज्ञही नेमू शकतो, आणि तो तज्ज्ञ आला की सर्वांत आधी तुमच्या राउटरचा दुपारचा आलेख मागेल.